गाडी अटकून राह्यली

रविवार, १३ एप्रिल २०२५

सकाळी नळ आला. पिण्याचं पाणी भरलं, चादरी धुतल्या. आठवीचे गणिताचे पेपर तपासायला घेतले, निम्मे झाले. दुपारी ऊन फार होतं, कुठे गेले नाही.

संध्याकाळी आचलचा पुण्याहून फोन आला. नेहमीसारखाच. जेवलीस का, आजी गोळी घेते का. ठेवता ठेवता म्हणाली, "आई, बाबांचा पीसी चालू करून पाहिलास का कधी?"

मी म्हटलं, नाही.

"विकू नको हं."

विकायचा विषयही कोणी काढलेला नाही, असं मी म्हटलं. 

आचलचे बाबा डिसेंबरमध्ये गेले. चौदावी आटोपून आचल पुण्याला परत गेली ती अजून आली नाही. संक्रांत गेली, होळी गेली, पाडवा गेला. सुटी मिळत नाही म्हणते. मी खोदून विचारत नाही, मला ते जमत नाही. तिचं बोलणं सगळं बाबांशीच असायचं. दर रविवारी सकाळी दहाला ती तिकडून आणि हे इकडून कॉम्प्युटरवर ट्रकचा गेम लावायचे. दोघांचे दोन ट्रक, एकामागे एक. रस्ते परदेशातले. नदीकाठच्या एका गावाला हे पुलगाव म्हणायचे आणि ते मागे पडलं की आचलला सांगायचे, "आता देवळीत चहा." कानाला हेडफोन आणि हसणं साऱ्या घराला ऐकू. सासूबाई म्हणायच्या, "डिझल नाई, भाडं नाई, दिवसभर ट्रक चालवून राह्यला बावा." हे देवळीच्या एका जिनिंगमध्ये स्टोअर सांभाळायचे. दारातून आयुष्यभर ट्रक आत-बाहेर सोडले, चालवला कधीच नाही.

फोन ठेवल्यावर कॉम्प्युटर लावला. तो आता हॉलमध्ये आहे. चौदावीला पाहुण्यांना झोपायला खोली हवी म्हणून माझ्या दिरांनी, अंकुशभाऊंनी, तो बाहेर आणून जोडला होता. टेबलावर त्याचा उभा डबा आहे. डब्यावर सासूबाईंनी ह्यांचा फोटो ठेवला आहे, खाली घडी करून शाल, फोटोला हार, पुढे निरांजन. त्याची बसायची जागा तीच, असं त्यांचं म्हणणं आहे. मला काही वावगं वाटलं नाही.

गेम उघडला. ट्रक चालू होतो, पण चित्र धक्के खात पुढे जातं. झाड एका जागी दिसतं, मग एकदम मागे. आचलला मेसेज केला की गेम अटकतो आहे. तिने लिहिलं, "राहू दे मग."

राहू दे मला आवडलं नाही. नीट चालला तर ती पुन्हा रविवारी येईल, निदान कॉम्प्युटरवर तरी. तिच्याशी तासभर बोलण्याचा दुसरा रस्ता मला दिसत नाही. गणित चुकलं तर मी मुलांना सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा आणि ती लिहून ठेवा. ही डायरी शाळेत मिळाली होती, कोरीच पडली होती.

मंगळवार, १५ एप्रिल

शाळेतून यायला उशीर झाला. देवळीची बस फाट्यावर बंद पडली.

गेममध्ये चित्राची प्रत कमी करायची सोय आहे. सगळं कमी केलं. झाडांची पानं गेली, आरशात काही दिसेना, धक्के तसेच. आचलला सांगितलं तर तिने एक गोष्ट शिकवली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दाखवता येतो. सेकंदाला किती चित्रं काढली जातात त्याचा तो आकडा. साठ असला तर गाडी पाण्यासारखी जाते, तीसच्या खाली गेला की अडखळते. आपला चौदा होता. आकडा दिसल्यावर मला जरा बरं वाटलं. निदान मोजता येणारी गोष्ट आहे.

मग तिने व्हिडिओ कॉल केला. "आई, मागची बाजू दाखव. अजून खाली. लाईट पाड ना त्याच्यावर." मी टेबलामागे वाकून टॉर्च धरला.

"आई! पडद्याची केबल कुठे लावली आहे गं?"

"जिथं होती तिथंच असंल."

"अगं, ती वरच्या खाचेत आहे. खाली आडव्या खाचा आहेत बघ, तिथे ग्राफिक्स कार्ड आहे. बाबांनी घेतलेलं ते कार्ड नुसतं बसून आहे आत. कोणी जोडलं हे?"

"अंकुशकाकानं."

"काका पण ना! दारात बैल बांधून स्वतः गाडी ओढायची!"

ती हसली. मी टेबलाखालीच होते, त्यामुळे चेहरा दिसला नाही, पण हसली. केबल खाली लावली. आकडा साठ.

सासूबाई आतून म्हणाल्या, "काय झालं वं, कायचा आवाज?" मी म्हटलं, "आचल हसली, आई." त्या म्हणाल्या, "मंग ठीक हाय."

रविवारी दहाला यायचं तिने कबूल केलं.

रविवार, २० एप्रिल

पहाटे उठून सगळं उरकलं. सासूबाईंची पूजा साडेनऊला झाली. आज मोगऱ्याचा मोठा हार होता, उदबत्त्याही जास्त लावल्या. आचल येणार म्हणून.

दहाला ती आली. म्हणजे हेडफोनमध्ये तिचा आवाज आला. मी ह्यांच्याच खात्यातून बसले, दुसरं कोणतं उघडायचं ते मला माहीत नव्हतं. माझ्या ट्रकच्या वर GAJENDRA असं नाव दिसत होतं. सुरुवातीला छान चाललं. मी गाडी दुभाजकाला घासली, ती म्हणाली, "आई, तू स्कूटी चालवत नाहीयेस." मग थोड्या वेळाने आकडा पडायला लागला. चाळीस, पंचवीस, बारा. मी म्हटलं, थांब, मी येते मागून. तिला तिकडे माझा ट्रक उड्या मारताना दिसत होता म्हणे. एकदा रस्त्यावर, एकदा शेतात.

"आई, बंद कर."

"होते ठीक. दोन मिनिटं."

"बंद कर ना! बाबांची गाडी अशी नाही चालत. मला नाही बघवत."

हेडफोन बंद झाला. थोड्या वेळाने मेसेज आला की सॉरी, डोकं दुखत होतं. मी विचारलं की पुढच्या रविवारी बाबांसारखं दहालाच बसायचं का. तिने लिहिलं, "रविवारचं नको बोलू आई."

केबलने अर्धं काम झालं होतं, अर्धं राहिलं आहे. आधी गाडी सारखी अडखळत होती. आता चांगली चालता चालता अडखळते. म्हणजे कारण वेगळं आहे.

बुधवार, २३ एप्रिल

माझा संशय व्होल्टेजवर आहे. आमच्या बोरगावात सगळ्यांचे कूलर चालू झाले की ट्यूबलाईट फडफडते. म्हणून आज आपला कूलर बंद करून पाहिलं. हॉलची भट्टी झाली. आकडा पंधरा मिनिटांतच पडला, उलट लवकर पडला.

सासूबाई पदराने वारा घेत बसल्या होत्या. "काय नलू, त्या डब्ब्यापायी आमाले भाजून काहाडतं का तू?"

"बस, थोडंसं पाहून राह्यली, आई."

"तो तरी कूलर लावून बसे. तू त्याच्याहून पक्की निघाली."

मला राग आला नाही. घाम पुसून कूलर लावला.

शनिवार, २६ एप्रिल

नालवाडीच्या दुकानातून धम्मदीप आला. ह्यांच्या ओळखीचा, गप्पिष्ट मुलगा. आल्याबरोबर फोटोला नमस्कार केला आणि डब्यावर हात टेकवला. हात चटकन उचलला. "काकू, बराच गरम आहे हा."

मी म्हटलं, "आत्ताच दिवा विझला त्याच्यावरचा."

"हां, मग बरोबर," म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

सोबत चालू होणारे बरेच फालतू प्रोग्राम त्याने बंद केले. फरक फारसा नाही. मग हात झटकून म्हणाला, "काकू, सरळ फॉर्मेट मारू. फॉर्मेट म्हणजे आंघोळ समजा. सगळा मळ निघून जाते."

"अन् काय काय जाते?"

"सगळंच जाते ना. नवा कोरा होते."

"ह्यांची गाडी? किती किलोमीटर चालवली ते?"

"तेही जाईल. पण नव्यानं खेळता येईल ना!"

मी नको म्हटलं. तो म्हणाला, मग कार्ड म्हातारं झालं असेल, नवं टाकावं लागेल. मी विचार करते म्हटलं. सासूबाईंनी त्याला सरबत दिलं. जाताना तो म्हणाला, "काकाजींनी मले एकदा ह्याच खुर्चीवर बसवून ट्रक रिव्हर्स घ्यायला लावला होता. घरात घुसवला मी तो." सासूबाई हसल्या. मीही हसले असेन.

तो गेल्यावर वाटलं, उद्या कोणी मी नसताना ती आंघोळ घालून टाकली तर? एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पडद्याला चिकटवलं: फॉर्मेट करू नये.

शुक्रवार, २ मे

देवळीचे बापूजी पहाटे गेले. हे माझे चुलत सासरे, नव्वदीच्या पुढचे. कालपर्यंत अंगणात बसत होते म्हणे. झोपेतच गेले. सगळे म्हणत होते की सोनं झालं.

भावकी असल्याने आपल्याला दहा दिवसांचं सुतक. निघण्याआधी सासूबाईंनी देवघराला पडदा केला. मग हॉलमध्ये येऊन ह्यांच्या फोटोचा हार उतरवला, निरांजन उचललं, शाल काढून धुवायला टाकली. "सुतकात दिवा नाई, हार नाई, आसन नाई." फोटो टेबलाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवला. डबा उघडा दिसला. किती दिवसांनी दिसला. वरच्या बाजूला बारीक जाळी आहे, हेही मी विसरून गेले होते.

मी स्मशानातून माणसं परतेपर्यंत थांबले आणि शेवटच्या बसने आले. सासूबाई तेरवीपर्यंत तिकडेच राहणार.

रविवार, ४ मे

शाळेला सुट्या लागल्या. घरात मी एकटी. डाळभात केला.

सकाळी कॉम्प्युटर लावला. आचलच्या सांगण्यावरून बुधवारी ग्राफिक्स कार्डाचा नवीन ड्रायव्हर घातला होता, तो पाहायचा होता. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला चालवणारा प्रोग्राम. मला आधी वाटलं होतं ट्रकचा.

गाडी एकदाही अडखळली नाही. एक माल पोचवला, दुसरा उचलला. जेवणाची वेळ होऊन गेली. आकडा साठ, कुठे पंचावन्न, परत साठ. त्या पुलगावला पोचले तेव्हा नदीवर ऊन होतं. हे त्या पुलावर गाडी हळू करायचे. मीही केली.

सुतकात इतकं हलकं वाटणं बरं नाही, पण वाटलं.

आचलला आकड्याचा फोटो पाठवला. तिने लिहिलं, "खरंच???" पुढच्या रविवारी तिला ऑफिसचं काम आहे. अठराला ये म्हटलं. तिने होकाराचा अंगठा पाठवला. फार उत्साह नव्हता, पण अंगठा होता.

बुधवार, १४ मे

देवळीला तेरवी झाली. पन्नास-साठ पानं उठली. बापूजींच्या हॉलमध्ये भिंतीवर जुन्या माणसांचे फोटो ओळीने आहेत, त्यात आता एकाची भर.

सासूबाई माझ्यासोबत परत आल्या. प्रवासाने थकल्या होत्या, तरी पाय धुऊन आधी हॉलमध्ये गेल्या. धुतलेली शाल दुहेरी घडी करून डब्यावर घातली, फोटो वर ठेवला, हार घातला, दिवा लावला. म्हणाल्या, "इतके दिवस पोरगा अंधारात बसून होता बापा."

गुरुवार, १५ मे

पुन्हा अडखळते आहे. वीस मिनिटांत आकडा अकरावर. रविवार तीन दिवसांवर.

दुपारभर डोकं धरून बसले. मग डायरी मागे उलटून वाचली. ४ तारखेला काय होतं आणि आज काय नाही? ड्रायव्हर तोच. कूलर चालूच. ऊन तेव्हाही असंच होतं. मी तीच, गेम तोच. तेव्हा सुतक होतं, आज नाही.

असं लिहिलं आणि मलाच विचित्र वाटलं. देवाधर्माचा आणि आकड्याचा काय संबंध. मग उठून डब्याजवळ गेले आणि शालीखाली बोटं घातली. बोटं पोळली. दिवा सकाळीच विझलेला होता.

आचलला विचारलं, डबा तापला तर काय होतं. तिने लगेच लिहिलं, "तापला की तो स्वतःच हळू होतो, जळू नये म्हणून. वरच्या जाळीतून गरम हवा निघते. जाळीवर काही ठेवलं नाहीये ना?"

मी फोन उलटा ठेवला. काय लिहिणार.

धम्मदीपचा हात पोळला होता तेव्हाही मी दिव्यावर ढकललं. त्या डब्यासमोर मी महिनाभर बसते आहे आणि रोज नमस्कार करून बसते.

शुक्रवार, १६ मे

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले.

"आई, फोटो भिंतीवर लावू का?"

"काऊन?"

"त्याच्याखाली जाळी आहे. गरम हवा निघाले जागाच नाई राह्यत. त्याच्यानंच गाडी अटकून राह्यली."

त्यांनी मान वर केली नाही. "म्हंजे त्या डब्ब्याले उबारा होते म्हून तू माह्या पोराले हटवतं."

"हटवत नाई, आई. भिंतीवर..."

"पायले म्या भिंतीवरचे. बापूजीच्या घरी हायेत ना भिंतीवर. तेरवीत आपल्या शेजारच्या मंदाबाईच्या नातीनं इचारलं, हा कोण, तो कोण. कोणाले नाव सांगता आलं? एकाले बी नाई. भिंतीवर गेला का माणूस रंगाच्या पोपड्यावानी होते."

 त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मी म्हटलं, "रविवारी आचल येते म्हून..."

"येते कुठं? त्या काचेत येते. घरी आणून दाखव तिले, मंग मानीन."

रात्री त्या जेवल्या नाहीत. दूध घेतलं. मी आचलला रविवार रद्द करते असं कळवायला घेतलं. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. पाठवलं नाही.

शनिवार, १७ मे

सकाळी चहा देताना सासूबाईच म्हणाल्या, "दाखव मले. कोठून निघते हवा?"

पूजेआधीच कॉम्प्युटर लावला. दिवा नव्हता, नुसती शाल आणि फोटो. मी ट्रक चालवत राहिले, त्या शेजारी स्टुलावर बसून पाहत राहिल्या. "हे सारं असंच रिकामं हाय का? माणूस नाई, ढोर नाई?" मी म्हटलं, परदेशात असंच असतं. थोड्या वेळाने आकडा घसरला आणि रस्ता झटके खाऊ लागला. त्यांनी शालीखाली हात घातला.

"मा माय वं! चुलीवानी!"

त्यांनी दोन्ही हातांनी फोटो उचलला आणि मांडीवर घेतला. मी शाल काढली. जाळीतून एकदम गरम हवा बाहेर आली, त्यांच्या तोंडावर गेली. आम्ही दोघी आकड्याकडे पाहत बसलो. तो सावकाश चढला. तीस. अठ्ठेचाळीस. साठ.

"म्हंजे हा आतमंदी गुदमरून राह्यलता," त्या म्हणाल्या. डब्याबद्दल म्हणाल्या.

बंद करून बाजूची पत्र्याची झाकणी उघडली. आत पंख्याच्या पात्यांवर काळं बसलेलं. मोगऱ्याच्या वाळक्या पाकळ्या, उदबत्तीची राख, तेलकट धूळ. सासूबाईंनी बोट फिरवून पाहिलं.

"हे तं माह्याच दिव्याची काजळी."

मी पाकळ्या वेचून तळहातावर घेतल्या.

"अन् तू महिनाभर त्या गरीब कूलरच्या मागं लागली होती."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. तोंडाला पदर लावून दोघी बराच वेळ हसलो. मग त्यांनी देवघरातून वातींचा कापूस आणला. म्हणाल्या, तू नको, तुह्या हातानं काही तुटंल. पात्यांवरून एक-एक बोळा फिरवला. वाती वळणारी बोटं, कुठे धक्का लागला नाही. मी टॉर्च धरला होता.

"आता फोटो कुठं लावू, आई?"

"खिडकीपाशी लाव, खुर्चीच्या समोर. चालवणाऱ्याले दिसला पायजे. दिवा खिडकीत ठेवत जाईन." मग म्हणाल्या, "अन् खाली नाव लेहून टाक. मोठं. आल्यागेल्याले इचारा लागू नाई."

खिळा मीच ठोकला. पहिला वाकडा गेला. मग पांढऱ्या कागदाची पट्टी कापून फळ्यावर लिहिते तसं लिहिलं: गजेंद्र प्रभाकरराव भोयर. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर हे नाव मी तोंडाने घेतलं नव्हतं आणि फॉर्म सोडले तर लिहिलंही नव्हतं. अक्षर चांगलं आलं.

रविवार, १८ मे

सासूबाई सकाळी मंदाबाईंसोबत भजनाला गेल्या. मुद्दाम गेल्या असं मला वाटतं. जाताना म्हणाल्या, "चालवजो आरामात. घाई करू नको."

दहाला आचल आली. गाडी चालू केली. ती पुढे, मी मागे.  मी विचारलं, "माझा ट्रक उड्या मारते का अजून?"

"नाही. नीट येतो आहे." मग म्हणाली, "आरशात बाबांचं नाव दिसतंय, आई."

मी म्हटलं, पाहिजे तर बदलून घेऊ. ती म्हणाली, नको, राहू दे.

आकडा साठवरच होता. मी मधून मधून पाहत होते. तिला शालीचं, काजळीचं, वातींच्या कापसाचं सांगितलं. ती हसली. "आजीने पीसीची सर्व्हिसिंग केली?" मी म्हटलं, धम्मदीपपेक्षा चांगली केली, आंघोळ न घालता. मग पूल आला. मी हळू केली. पुढे तिनेही हळू केली आणि गाडी कडेला घेऊन थांबवली. काय झालं ते मला कळेना. मी तिच्या मागे थांबवली, बऱ्यापैकी सरळ.

"आई, शेवटच्या रविवारी मी आले नव्हते."

"कोणत्या?"

"बाबा जायच्या आधीच्या. एक डिसेंबर. मी मैत्रिणींसोबत सिंहगडला गेले होते. बाबांना सांगितलंपण नाही. म्हटलं, एक रविवार काय होतं. ते दहापासून बसले असतील गं वाट पाहत. आणि मग मंगळवारी..."

मी आठवून पाहिलं. जे होतं ते सांगितलं. "त्या दिवशी कुठे बसले होते ते? बोरगावची लाईट सकाळपासून नव्हती. तारांचं काम होतं. अन् ते तर देवळीला गेलते, जिनिंगमधल्या मित्राच्या घरभरणीले. सकाळी आठलाच गेले, संध्याकाळी आले. उलट तेच म्हणत होते, पोरगी वाट पाहून गेली असंल, मले फोन कराचंबी सुचलं नाई. जेवणात वडे होते, सहा-सात खाल्ले म्हणे. रात्री सोडा घेतला."

  मग ती रडायला लागली. मी घाबरले. "आचल, काय झालं बाई? काऊन रडतं?" ती रडत रडतच म्हणाली, "वडे? खरंच?" मी म्हटलं, "अंकुशकाकाले विचार, तोही होता सोबत." त्यावर ती रडता रडता हसायला लागली. "सोडा घेतला बाबांनी!" असं दोन-तीनदा म्हणाली. लाईट नव्हती आणि हे घरी नव्हते, एवढ्यात इतकं रडण्यासारखं काय होतं ते मला नीट कळलं नाही. वडे खाल्ल्यामुळे काही झालं असं तर तिला वाटलं नाही ना, म्हणून मी सांगितलं की डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "नाही गं आई. तसं नाही." तिचा आवाज वेगळाच वाटत होता, पूर्वीसारखा.

थोड्या वेळाने तिने नाक शिंकरलं आणि म्हणाली, "चल. माल पोचवायचा आहे." आम्ही निघालो. पुढचा सगळा रस्ता ती बोलत होती. ऑफिसचं, खोलीवरच्या मैत्रिणीचं, कोणी एक मुलगा दर सोमवारी तिच्या टेबलावर चिक्की ठेवून जातो त्याचं. मी फक्त हं, हं करत होते. वळणावर एकदा गवतात गेले, तिने मला परत आणलं.

माल पोचल्यावर म्हणाली, "आई, मी शनिवारी येते. घरी. सकाळच्या गाडीने वर्ध्याला उतरते. रविवारी तिथूनच बसू."

"इथून दोन कॉम्प्युटर कुठे आहेत?"

"एकच लागेल. मी शेजारी बसते. तू चालव."

ठीक आहे म्हटलं.  गाडीची वेळ कळव म्हटलं.

तिने गेम बंद केल्यावर मीही कॉम्प्युटर बंद केला. पंखा थांबेपर्यंत बसले. सासूबाई अजून आल्या नव्हत्या. घर शांत होतं. डोक्याला घाम आला होता, मानेपर्यंत केस चिकटले होते. शिकेकाई कालवून न्हायले. पाणी तापवायची गरज नव्हती, टाकीतलंच कढत येत होतं. मग मागच्या दाराच्या पायरीवर बसून केस मोकळे सोडले आणि फणीने गुंता काढत राहिले.